जमुनाचा फॉर्म

अकोल्याच्या त्या मंगल कार्यालयात दुपारी अडीच वाजता अनसूया मॅडमनी पडद्यावर एक भरलेला फॉर्म दाखवला आणि तो माझा होता. म्हणजे वर नाव जमुनाचं होतं. वय चौतीस, राहणार बाळापूर, नवरा शिवणकाम करतो, मुलं दोन. खालचे आकडे मात्र माझे होते. बावीस मुली पंख्यांखाली बसून ते वाचत होत्या, एकदोघी वहीत उतरवूनही घेत होत्या, आणि मी तिसऱ्या रांगेत पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते, लावत होते, पुन्हा उघडत होते. सत्तेचाळीसपुढे एक. बावन्नपुढे दोन. त्रेपन्नपुढे आठ. आमच्या कामात एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आठ म्हणजे माहीत नाही आणि नऊ म्हणजे उत्तर द्यायला नकार. अकरा वर्षं मी हे आकडे भरते आहे. किशोर, माझा नवरा, तोही हेच काम करतो, पुरुषांच्या टीममध्ये. घरी भाजी कशी झाली म्हणून विचारलं की तो ताटावरून मान न उचलता ‘एक’ म्हणायचा, दूध आणलं का विचारलं की ‘दोन’, आणि लेकरं विचारायची, आईबाबा हे काय बोलता. मजा होती ती आमची. आता बरेच दिवस तो नुसता ‘चांगली झाली’ म्हणतो.

आमची पाहणी माणसांच्या अंथरुणातली असते. कोणाशी, कधीपासून, काय वापरून, आणि त्यातून काही दुखणं मागे लागलं का. बायकांना बायका विचारतात, पुरुषांना पुरुष. आम्हा बायकांचं प्रशिक्षण लग्न लागतात त्या हॉलमध्ये होतं आणि पुरुषांचं मागच्या जेवणाच्या हॉलमध्ये. मधल्या दारावर अजून ‘वधूपक्ष’ लिहिलेलं होतं. दोन्ही फॉर्म वेगळे, पण प्रश्नांचे नंबर सारखेच. सत्तेचाळीस: गेल्या वर्षभरात अंगावरून वास येणारं पाणी जाणं, लघवीला जळजळ, खाली फोड किंवा जखम, ओटीपोटात दुखणं, यांपैकी काही झालं का? बावन्न: गेल्या वर्षभरात नवऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाशी संबंध आला का? त्रेपन्न: तुमच्या नवऱ्याचा आला का? हे प्रश्न मी भातकुलीच्या शेतात विचारलेत, दळणाच्या रांगेबाहेर नेऊन विचारलेत, म्हशीच्या गोठ्यात विचारलेत. आवाज कसा ठेवायचा ते मला बरोबर जमतं. रेशन कार्डावर किती नावं आहेत विचारावं, तसा. बाई लाजत नाही मग. ती माझ्याकडे बघते, मी कागदाकडे बघते, आणि उत्तर आपलं आपण कुठूनतरी येतं. याच आवाजाच्या जोरावर मी टीममध्ये नाव कमावलं. त्या आवाजाने स्वतःला कधी काही विचारायची वेळ आली नव्हती, किंवा आली होती आणि मी ती पुढे ढकलत होते.

प्रशिक्षणात आम्ही एकमेकींची खोटी मुलाखत घेतो. नियम पहिल्या दिवसापासूनचा आहे: स्वतःची माहिती द्यायची नाही, एक बाई मनाने रचायची आणि तिची उत्तरं द्यायची. नव्या मुलींना दर वेळी नवीन बाई रचावी लागते. माझी ठरलेली आहे, जमुना. पहिल्या वर्षी ती तेवीसची होती. दर पाहणीत मी तिचं वय वाढवत गेले, तिला एक मुलगी दिली, मग मुलगा दिला, एकदा कावीळ दिली, नवऱ्याला दुकान काढून दिलं. इतकं जपलं तिला. ती कावीळ सोडली तर ती सुखात होती. सकाळी माझ्यासमोर जुईली बसली. तेवीस वर्षांची, अकोल्याच्याच एका वकिलांची मुलगी, पहिलीच पाहणी. फार वाईट विचारत होती. कागदाकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत होती. सत्तेचाळीस वाचताना अडखळली, ‘जखम’ या शब्दावर थांबली, आणि मग अगदी हळू म्हणाली, “ताई, झालं का हो असं काही?” असं विचारायचं नसतं. असं विचारलं की बाईला वाटतं कोणीतरी खरंच विचारतंय. माझ्या तोंडून ‘हो’ गेलं. एकदा ते गेल्यावर पुढचं सगळं घरंगळत आलं, कारण खोटं रचायला क्षणभर थांबावं लागतं आणि खरं तर तिथे होतंच. किती दिवसांपासून? साडेचार महिने. डॉक्टरांना दाखवलं? योग्य ठिकाणी नाही. नवऱ्याला सांगितलं? नाही. नवऱ्याचे दुसरीशी संबंध? मी ‘नाही’ म्हणणार होते. जमुनाचा नवरा देवमाणूस आहे. मी ‘माहीत नाही’ म्हणाले. जुईलीने आधी चुकून दोन लिहिलं होतं, तिने पर्समधून व्हाइटनर काढून ते पुसलं आणि आठ केलं. मी तिला टोकायला हवं होतं, पण मी तिच्या नखांवरच्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिले.

“ही जमुना बघा,” मॅडम पडद्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या. त्या नागपूरच्या, तीस वर्षं हेच केलेल्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. “खोट्या मुलाखतीत आपण गोष्ट रचतो, आणि रचलेल्या गोष्टीत तारखा एकमेकींशी भांडतात. सकाळपासून मी वीस फॉर्म तपासले. एकीचं लग्न होऊन पाच वर्षं झालीत आणि मुलगा आठवीत आहे.” मुली हसल्या. “हिचं बघा. नवरा बाहेरगावी कधी होता, हे एकोणिसाव्या प्रश्नात आहे. परत कधी आला, ते चौतिसाव्यात. त्रास कधी सुरू झाला, ते पन्नासाव्यात. तीन पानांवर तीन प्रश्न, मुद्दाम लांब लांब ठेवलेले. सप्टेंबर-ऑक्टोबर बाहेर, दिवाळीच्या दोन दिवस आधी घरी, आणि मग तीन आठवड्यांनी त्रास. कुठे एका दिवसाची गफलत नाही. असा फॉर्म खऱ्या बाईचाच येतो.” त्या थांबल्या. माझ्या पोटात ती रोजची कळ आली, उजवीकडून. “किंवा फार मुरलेल्या इन्व्हेस्टिगेटरचा,” मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. जुईलीने वाजवल्या नाहीत. ती मागे वळून माझ्याकडे बघत होती, आणि मला तिचा असा राग आला की उठून तिचं तोंड पुन्हा पडद्याकडे फिरवावं.

“आता चूक सांगते,” मॅडम म्हणाल्या. “त्रेपन्नपुढे व्हाइटनर. कोणी केलं हे?” जुईलीने हात वर केला. “आपल्याकडे उत्तर पुसत नाहीत. बाईने उत्तर बदललं तर जुन्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी नवा लिहायचा. आधी काय म्हणाली होती, हे वाचता आलं पाहिजे. तीही माहितीच आहे.” कोणीतरी लिहून घेतलं. मग त्या प्रश्नांच्या ओघात म्हणाल्या, पांढरं जाण्याला दहा कारणं असतात, सगळी संबंधातून येत नाहीत, काही औषधाच्या एका पुडीने जातात. काही मात्र नवऱ्याकडून येतात आणि एकटीने गोळ्या खाल्ल्या तर पुन्हा येतात, म्हणून दोघांना तपासायचं. तपासल्याशिवाय कोणतं ते कळत नाही. हे सगळं मला पाठ आहे. मी स्वतः हे कितीतरी बायकांना सांगितलं आहे, आणि नोव्हेंबरात आमच्या चौकातल्या मेडिकलमधून तीन दिवसांच्या गोळ्या नाव न सांगता आणून खाल्ल्या आहेत, बहिणीसाठी पाहिजे म्हणून.

बाळापूरजवळची जयवंता मला तेव्हा आठवली, खरी जयवंता, जिच्या गावावरून मी जमुनाचं गाव उचललं. सहा वर्षं झाली असतील. तिचं सत्तेचाळीस एक होतं. मी फॉर्म संपवून सरकारी दवाखान्याची चिठ्ठी फाडली तेव्हा ती म्हणाली, “हे घेऊन गेली त नवरा म्हणन, तू कोणासंगं गेलती.” मी म्हटलं, दोघांची चिठ्ठी आहे, त्यांनाही न्या. ती हसली. मग एकदम म्हणाली, “बाई, तुमी सांगा नं. तुमचं उत्तर काय हाय?” मी ठरलेलं वाक्य टाकलं, आमचं उत्तर घ्यायला दुसरी बाई येते. दीड वर्षाने पुढच्या फेरीत गेले तर जयवंता ओट्यावर बसून होती, पोट धरून, तिशीतच म्हातारी झालेली. “पिशवी काढली,” म्हणाली. “डॉक्टर म्हणे पांढरं जाते त काढून टाका, मंग कटकट नाही.” कंबर गेली होती तिची, सोयाबीन कापायला वाकता येत नव्हतं. आणि सत्तेचाळीस अजूनही एक होतं. मी तिच्यासमोर बसून एक लिहिला आणि माझी चहाची वेळ झाली म्हणून उठले. आज आठवलं की लाज वाटते. तेव्हा फक्त उशीर झाल्यासारखं वाटलं होतं.

सोमवारी माझी पिशवी काढायची आहे. आज गुरुवार. हे ठरलं ते असं: जानेवारीत एकदा मी भांडी घासता घासता खाली बसले, तेव्हा सासूबाईंनी विचारलं आणि मी अर्धं सांगितलं, पांढरं जातं, पोट दुखतं. रुख्मिणीबाई वाईट नाहीत, भातकुलीहून आमच्याकडे अमरावतीला आल्या की माझं डोकं चेपून देतात. त्या म्हणाल्या, “दोन लेकरं झाली तुले. आता काय करतं तिले ठेवून? आमच्या गल्लीत आठ जणीयनं काढली.” त्यांच्या ओळखीच्या एका खाजगी डॉक्टरने सोनोग्राफी केली, थोडी सूज आहे म्हणाला, काहीही न विचारता तारीख दिली. मी बावळटासारखी वाट बघत होते की किशोर म्हणेल, थांबा, आधी सत्तेचाळीस बघू. तोच तर माणूस आहे ज्याला सूज आणि पांढरं आणि बाहेरगाव हे एका ओळीत मांडता येतं. तो ताटावर होता. म्हणाला, “डॉक्टर म्हणते त काढून टाकू.” चट्‌दिशी म्हणाला. त्याचा तो चटकन होकार मी तेव्हापासून उलटून पालटून पाहते आहे. तो सकाळी चहा करतो, लेकीची वेणी घालतो, माझ्या चपलेचा तुटलेला पट्टा स्वतः शिवून आणतो. असा माणूस आपल्या बायकोचा एक अवयव इतक्या लवकर कसा देऊन टाकतो? गेल्या पावसाळ्यानंतर दोन महिने तो नांदेडकडे होता, लॉजवर, चार जण एका खोलीत. दिवाळीत आला तेव्हा लेकरांना फटाके, मला मोरपंखी साडी. रात्री बिलगला. मी किती खूश होते. आता ती साडी मी कपाटात सर्वांत खाली ठेवली आहे.

“आणि एक पायरी राहिली,” मॅडम म्हणाल्या. “सत्तेचाळीस एक असलं की शेवटी काय करायचं?” “चिठ्ठी,” मुली एका सुरात. “जुईलीने दिली नाही. आता सगळ्यांसमोर देऊन दाखवा.” स्टेजवर नवरानवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या होत्या, लग्नाच्या हंगामातल्या. प्रात्यक्षिकाला आम्ही त्यांवरच बसत होतो. मी जाऊन नवरीच्या खुर्चीत बसले आणि जुईली नवऱ्याच्या. तिने चिठ्ठ्यांचं पुडकं मांडीवर घेतलं. पेनचं टोपण काढलं. “नाव?” मला बावीस चेहरे दिसत होते, त्यांच्या मागे बंद दार, दारामागे पुरुषांच्या हॉलमधला खुर्च्या सरकवल्याचा आवाज. जमुना म्हणायचं होतं. दोन सेकंदांचं काम. आणि मला वाटलं, मी जमुना म्हणाले तर सोमवारी टेबलावर जमुना नसेल, मी असेन.

“प्राजक्ता,” मी म्हणाले.

हॉल फुटला हसून. “ताई, जमुना! जमुना!” मागच्या रांगेतली भावना ओरडली, “मुरलेल्या इन्व्हेस्टिगेटर!” मीही हसले, तोंडाने. जुईली हसली नाही. तिने खाली मान घालून माझं नाव लिहिलं, नीट, सुटं सुटं अक्षर, शाळेतल्यासारखं. मग दुसरी चिठ्ठी काढली. “जोडीदाराचं नाव?” इतकं हळू की फक्त मलाच ऐकू आलं. “ते मी भरीन,” मी म्हणाले आणि दोन्ही तिच्या हातातून घेतल्या. उतरताना मॅडमनी वाट अडवली नाही, खांद्यावर हात ठेवला नाही, काहीच विचारलं नाही. पडद्याची वायर गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणाल्या, “पुडकं खरं आहे, प्राजक्ता. सरावाचं नाही. या चिठ्ठ्या दवाखान्यात चालतात.” मी ‘हो मॅडम’ म्हटलं. मला त्यांचे पाय धरून रडावंसं वाटलं आणि त्याच वेळी पळून जावंसंही.

साडेपाचच्या अमरावती एसटीत तिघांच्या सीटवर जागा मिळाली. खिडकीशी किशोर, मध्ये मी, कडेला लुगडं नेसलेली एक आजी, मांडीवर बोरांची पिशवी. ऊन अजून चटके देत होतं. दोन्हीकडे तूर काढून झालेली काळी रानं. किशोर म्हणाला, त्यांच्या हॉलमध्ये कूलर बंद पडला. मी म्हटलं, आमचा चालू होता. एकदा, फार वर्षांपूर्वी, लग्न नवं होतं तेव्हा याच गाडीत याच बाजूला बसून त्याने मला सांगितलं होतं, “माणूस नऊ म्हणाला का एक समजजो. ज्याचं दोन असते तो भडकते. नऊ म्हणत नाही.” मी तेव्हा त्याच्या हुशारीवर भाळले होते. मूर्तिजापूर गेलं. माझ्या पर्समध्ये त्या दोन चिठ्ठ्या होत्या आणि माझा हात चेनवर होता. घरी सासूबाई असतील, लेकरं असतील, कुकरची शिट्टी असेल. घरी मी हे कधीच बोलणार नाही, आणि मग सोमवार येईल.

“सत्तेचाळीस,” मी म्हटलं.

“काय?”

“सत्तेचाळीस. माहं एक.”

तो खिडकीच्या गजाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मायनं सांगतलं मले. पोट दुखते म्हणून.”

“पोट दुखते एवढाच नाही तो प्रश्न. तुमाले पाठ हाय.”

आजी वाकून म्हणाली, “कायचे नंबर होय वं बाई?” मी म्हटलं, परीक्षेचे. “पोराच्या?” मी मान हलवली. ती समाधानाने बोरं निवडू लागली.

“बावन्न,” मी म्हटलं. माझा आवाज तोच निघाला, रेशन कार्डाचा. मला वाटलं होतं फाटेल. “माहं दोन. तुमचं?”

“इथी काहून इचारून राहिली?”

“इथीच. घरी मायसमोर इचारू काय?”

गाडी गतिरोधकावर उडाली. त्याचं गुडघ्यावरचं बोट हलत होतं, फॉर्म भरताना हलतं तसं. मला बघायला कागद नव्हता, म्हणून त्याच्या बोटाकडे बघत होते. भडक, मी मनात म्हणत होते. देवा, याला भडकू दे. लाज नाही वाटत का तुले म्हणून खेकसू दे माझ्यावर भर गाडीत.

“नऊ,” तो म्हणाला.

मी डोळे मिटले. साडेचार महिने जे मला माहीत नव्हतं, म्हणजे माहीत होतं आणि मी आठ लिहीत होते, ते आता माझ्या शेजारी बसलं होतं, घामेजलेलं. राग आला, पण आधी वाटली ती दमणूक. मी चेन उघडली. “नऊ आला तरी चिठ्ठी द्या लागते,” म्हटलं आणि दोन्ही त्याच्या मांडीवर ठेवल्या. त्याने वरची उचलली.

“तुहं नाव हाय याच्यावर.”

“हाव. बावीस पोरीयसमोर सांगतलं. हासल्या त्या, चुकलीच समजल्या. दुसरी कोरी हाय. सोमवारी पिशवी काढ्याले येत नाही मी. सोमवारी इथी जायचं, दोघायनं. औषध लागलं त दोघायले लागन. अन् तपासल्यावर पिशवीचंच दुखणं निंघालं त मीच काढीन. पण तपासल्याशिवाय नाही देत.”

“मले वाटलं,” तो अडखळला, “पिशवी काढली का तरास मिटन.”

“कोणाचा?”

त्याने हातातली चिठ्ठी पालथी केली, पुन्हा सुलटी केली. बडनेऱ्याच्या अलीकडचा पूल आला, बाजूने एक मालगाडी जात होती, तिचे डबे संपेचनात. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते पुसावंसं वाटलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा असं झालं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. आजी म्हणाली, “पास झाला का मंग पोरगा?”

शेवटचा डबा गेल्यावर तो म्हणाला, “नऊ खोड.” मग घसा खाकरून, “एक लिव.”

खिशातला पेन काढून त्याने गुडघ्यावर कोरी चिठ्ठी धरली. गाडी हादरत होती, अक्षर वाकडं येत होतं, तरी त्याने आपलं नाव पूर्ण लिहिलं, वडलांच्या नावासकट. मी ते बघत होते.

“खोडत नसतात,” मी म्हटलं. “रेघ मारून बाजूले लिवतात. जुना आकडा दिसला पाहिजे.”